दोन चेंडूंची चूक

"ताई, चिकटपट्टी हाय का?"

मी मान वर केली नाही. सामना सुरू व्हायला वीस मिनिटं होती आणि स्कोअरशीटवर दोन्ही संघांची नावं भरायची होती. माझ्या टेबलापाशी माणसं काय काय मागायला येतात… सेफ्टी पिन, डोकेदुखीची गोळी, फोनचा चार्जर. मी डब्यातली खाकी पट्टी पुढे सरकवली आणि म्हटलं, "परत आणून द्या."

"हा, देतो ना."

दिसला फक्त हात. चांगला मोठा, करंगळी जराशी वाकडी. पट्टी दातांनी तोडल्याचा आवाज आला आणि तो हात निघून गेला.

दहा मिनिटांनी आमचा संघ मैदानात उतरला आणि पायऱ्यांवर एकदम गलका झाला. हर्षलचा सात नंबरचा शर्ट दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात होता. पाठीवर जिथे 'हर्षल' लिहिलेलं होतं तिथे आडवी, खाकी, ठसठशीत माझी चिकटपट्टी.

हर्षल म्हणजे जेल रोड रायडर्सचा जीव की प्राण. सहा वर्षं तो आमच्याकडे खेळला. यंदा गोदा लीगने खेळाडूंची अदलाबदल करायला परवानगी दिली आणि आमच्या मंडळाने काय करावं? हर्षलला उचलून सिन्नरच्या संघाला दिला आणि त्याच्या बदल्यात स्वराज नावाचा एक माणूस आणला, ज्याचं नाव इथे कुणाच्या कानावरही आलेलं नव्हतं. त्याचा चौदा नंबरचा शर्ट छापून आला नव्हता, म्हणून सेक्रेटरी पुंजारामकाकांनी त्याला हर्षलचाच दिला. काटकसर करावी, पण कुठे करावी याचंही भान हवं.

आता माझ्याबद्दल. मी स्नेहा. जेल रोडच्याच एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते आणि रविवारी बास्केटबॉल कोर्टावर स्कोअर लिहिते. हे टेबल आधी बाबांचं होतं. ते नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले, पाठ धरायला लागली आणि पेन माझ्या हातात आलं. पहिल्या क्वार्टरला लाल, दुसऱ्याला निळं, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. लीगचा कागद वेगळा आणि माझी स्वतःची वही वेगळी. वहीत मी कुणी किती पास दिले, किती चेंडू घालवले, सगळं टिपते आणि संध्याकाळी 'पायऱ्यांवरून' या आमच्या पेजवर लिहिते. कुणाचं उगाच कौतुक करत नाही, म्हणून माझ्या शब्दाला वजन आहे. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवतही नाही.

तर त्या रविवारी नवा माणूस खेळला. खेळला म्हणजे… उभा राहिला. दोन गुण केले.

"अय, ह्यो खेळाया आलाय का यष्टीची वाट बघतोय?" पहिल्या पायरीवरून लंकाबाई ओरडल्या. लंकाबाई शेजारच्या दसक गावच्या. भाजीच्या गाडीवर सुनेला बसवून रविवारी सामन्याला येतात आणि सगळ्या कोर्टाला पुरेल एवढा आवाज घेऊन येतात. हर्षल त्यांचा लाडका. मागून कुणीतरी "चिकटपट्टी!" म्हणून हाक दिली आणि तेच नाव पडलं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये घामाने पट्टी सुटली. खालून 'हर्षल' डोकावायला लागलं. पट्टी माझीच होती, तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही नऊ गुणांनी हरलो.

संध्याकाळी मी लिहिलं: 'नवा माणूस, पहिलं मत. दोन गुण. आठ वेळा चेंडू घालवला. उभं राहण्याची कला उत्तम अवगत. हर्षलला देऊन आपण नक्की काय घेतलं, हे मंडळाने सांगावं.' खाली दोनशे बावीस प्रतिक्रिया आल्या. त्यातली छापण्याजोगी एकही नव्हती.

पुढच्या रविवारी टेबलावर एक नवी कोरी चिकटपट्टी येऊन पडली.

"तुमची जुनी संपली. ही नवी आणली."

या वेळी मी वर बघितलं. बरंच वर बघावं लागलं. सावळा, शांत चेहरा, डिसेंबरच्या थंडीत अर्ध्या बाह्या, आणि अंगात एकदाचा चौदा नंबर.

"तुमचं लिहिलेलं वाचलं," तो म्हणाला.

"मग?" मी भांडायच्या तयारीत.

"बरोबर हाय सगळं. फक्त चेंडू आठ नाय गेले. सहा गेले."

"माझं मोजणं चुकत नाही."

"सहाच, ताई. दोन त्या चार नंबरच्या हातून सुटले, साईच्या. मी मोजले ना. यष्टीत बसून दुसरा काय धंदा असतो?"

"हे बघा, मला ताई म्हणू नका."

"मंग काय म्हणू?"

"मॅडम म्हणा. शाळेत सगळे म्हणतात."

"मी काय आठवीत हाय?" असं म्हणून तो हसला आणि पळत मैदानात गेला.

मंडळाने प्रत्येक सामन्याचा व्हिडिओ काढलेला असतो. घरी जाऊन मी पहिल्या सामन्याचा लावला. एकदा, दोनदा, तीनदा. सहा. ते दोन चेंडू खरंच साईच्या हातून गेले होते आणि दोन्ही वेळा पट्टी सुटल्यानंतरच. शर्टावर 'हर्षल' दिसलं, मी चिडले आणि पुढे जे वाईट झालं ते सगळं याच्या नावावर घातलं. चार वर्षांत माझ्या वहीत अशी चूक झाली नव्हती. मी पेजवर लिहिलं: 'दुरुस्ती. आठ नव्हे, सहा. चूक माझी.'

खाली लोकांनी खूप चेष्टा केली. त्याने नुसता एक अंगठा टाकला.

त्या दुरुस्तीमुळे असेल, तिसऱ्या सामन्यात मी त्याच्याकडे नीट बघायचं ठरवलं. चेंडू जिथे जातो तिथे सगळ्यांचे डोळे जातात. मी मात्र चेंडू सोडून चौदा नंबरच्या मागे गेले. लिहायचं काम सांभाळून हे करणं सोपं नव्हतं, पण केलं.

आणि मग मला ते उभं राहणं दिसलं.

साई पळत सुटायचा, त्याच्या मागे त्याला पकडणारा. वाटेत हा जाऊन उभा राहायचा, हात छातीशी घट्ट धरून. मागून येणारा त्याच्यावर धाडकन आपटायचा आणि तेवढ्यात साई मोकळा होऊन शॉट मारायचा. टाळ्या साईला. हा बरगड्या चोळत पुढच्या जागी. खेळात याला स्क्रीन म्हणतात, पुस्तकात असतं, मलाही ठाऊक होतं. पण स्कोअरशीटवर त्याला रकाना नसतो आणि माझ्या वहीतही नव्हता. मी तिथल्या तिथे एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'उ'. साईने त्या दिवशी चोवीस गुण केले. आम्ही जिंकलो.

सामना संपल्यावर तो एसटी स्टँडकडे निघाला होता. मी स्कूटी त्याच्या शेजारी नेऊन थांबवली.

"चहा घेता का? मला काही विचारायचंय. खेळाबद्दल," मी म्हटलं. 'खेळाबद्दल' हे दोनदा म्हटलं.

स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही उभे राहिलो. मी वही काढली.

"हे असं उभं राहायला कुठे शिकलात?"

"सिन्नरला. तिथं गुण करणारे लय होते. कोच म्हनला, तू उभा राहा. राहिलो. सहा वर्षं."

"आणि कुणी काही म्हटलं नाही?"

"कोण म्हणणार? त्याला कुठं रकाना असतो?"

"आता आहे." मी वही त्याच्यासमोर धरली.

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. वाकडी करंगळी त्या रेघेवरून हळूच खाली आली. "उ म्हणजे?"

"उभा."

"आन हे सतरा?"

"सतरा वेळा. खोटं वाटत असेल तर यष्टीत बसून मोजा."

"नाय," तो म्हणाला. "तुम्ही मोजलं ना… मंग बास."

बोलायला त्याला वेळ लागायचा, पण एकदा बोलला की सरळ बोलायचा. एमआयडीसीत दिवसपाळी, घरी आई आणि धाकटी बहीण. आमच्या मंडळाची रीत त्याला पुंजारामकाकांनी आधीच सांगितली होती. ती रीत अशी की नवा खेळाडू पाच सामने खेळतो. पाचव्या सामन्यानंतर स्कोअरर त्याच्याबद्दलचं आपलं मत पायऱ्यांसमोर वाचून दाखवते. मग पायऱ्यांवरचे सभासद हात वर करतात. निम्म्याहून जास्त हात आले तर खेळाडू राहिला, नाहीतर अदलाबदल मोडली आणि ज्याचा माणूस त्याच्याकडे परत.

"परत गेलात तर?" मी विचारलं.

"तर मी बाकावर. सिन्नरच्या मंडळानं परत आलेल्याला खेळवायचं नाय असं ठरवलंय. सत्तावीस झालो, मॅडम. एक साल बाकावर काढलं की पुढं कोण इचारतो?" तो रस्त्याकडे बघत होता. "मला अजून खेळायचंय."

सिन्नरची गाडी लागली. तो चढला. खिडकीतून मान बाहेर काढून त्याने विचारलं, "हे पण लिहिणार का?"

"कोणतं?"

"चहा प्यायलो ते."

"त्याला रकाना नाही," मी म्हटलं, आणि गाडी सुटल्यावर पाच मिनिटं विनाकारण तिथेच उभी राहिले.

चौथ्या सामन्यापर्यंत आमचे फोन सुरू झाले होते. संध्याकाळी सातला तो कामावरून सुटून घरी पोचायचा आणि सात-दहाला माझा फोन वाजायचा. बोलायचो खेळाबद्दलच. म्हणजे सुरुवात खेळापासून व्हायची. मग नववी 'ब' बद्दल, मग त्याच्या बहिणीच्या परीक्षेबद्दल, मग माझ्या आवाजाला काय झालंय, सर्दी झाली का, याबद्दल.

"आलं टाकून चहा घ्या, मॅडम."

"तुम्ही अजून मॅडमच म्हणताय."

"तुम्ही सांगितलं की."

"मी पुष्कळ काही सांगते. सगळं ऐकायचं नसतं…"

पलीकडून खोकल्याचा आवाज.

चौथा सामना आम्ही तीन गुणांनी जिंकलो. मी पेजवर सविस्तर लिहिलं, उभं राहणं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. 'चौदा नंबर: सहा गुण, एकोणीस वेळा साथीदाराला मोकळं केलं, चेंडू फक्त दोनदा घालवला.' पहिल्यांदाच दहा-बारा लोकांनी खाली लिहिलं की बाई म्हणतात तर असेल बुवा काहीतरी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भाजी घ्यायला गेले. लंकाबाईंनी मेथीची जुडी पिशवीत कोंबली. "पोरी, तुझ्या लिवण्याला आताशा लय गोडी आली."

"काहीतरीच काय, लंकाबाई."

"काहीतरीच नाय. मला नातू वाचून दाखवतो. हर्षलबद्दल येवढं कधी लिवलं नव्हतं. चार वरसात!"

मी हसून घरी आले, पण मनात खुट्ट झालं. व्हिडिओ लावला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये चौदा नंबरच्या हातून चेंडू गेला. वहीत नोंद होती. तिसऱ्यात गेला. नोंद होती. चौथ्यात एकदा गेला. नोंद नव्हती. शेवटच्या मिनिटाला पुन्हा गेला. नोंद नव्हती.

दोन नव्हे, चार.

मी मागे नेऊन पुन्हा लावला. व्हिडिओच्या कोपऱ्यात माझं टेबल दिसतं, त्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता दिलं. चेंडू घालवून तो परत पळत येतोय, कपाळावरचे ओले केस मनगटाने मागे सारतोय आणि टेबलामागे बसलेली एक बाई पेन हवेत धरून त्याच्याकडे बघतेय. चेंडू केव्हाच दुसऱ्या टोकाला गेलाय आणि बाई हसतेय. असं हसू मी माझ्या चेहऱ्यावर आरशातसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

मी प्रेमात पडले होते. पुरावा तारीख-वेळेसकट समोर होता.

मी दुरुस्ती टाकली: 'चौदा नंबर. दोन नव्हे, चार.' सात-दहाला फोन आला.

"चार बरोबर हाय. मीच सांगणार होतो. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम…"

"मुद्दाम नाही."

"मंग कसं काय सुटलं? तुमचं तर सुटत नाय."

"…सर्दी झाली होती," मी म्हटलं.

बाबा पेपर वाचत होते. मी जवळ जाऊन बसले. "बाबा, तुम्ही कधी टेबलावरून उठला होतात का हो?"

"एकदा. तुझा काका खेळायला लागला तेव्हा. दोन वर्षं उठलो होतो." त्यांनी पेपरचं पान उलटलं. "घरचा गडी मैदानात असला की स्कोअररने पेन ठेवायचं. तो नियम माझ्याही आधीचा आहे. माणूस खोटं लिहीत नाही गं, पण त्याला खोटं दिसायला लागतं."

"हं."

"का? कुणी चुलत भाऊ खेळायला लागला का तुझा?"

"नाही हो. सहज विचारलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि परत पेपरमध्ये डोकं घातलं.

तो आठवडा मला वाईट गेला. रविवारी पाचवा सामना, त्यानंतर वाचन, मग हात. मी वाचलं तर तो राहणार, हे मला स्वच्छ माहीत होतं. मी उठले तर त्या उभं राहण्याबद्दल बोलणारं कुणी नव्हतं आणि पायऱ्यांना अजूनही हर्षलच हवा होता. आणि जे वाचणार ते खोटं थोडंच होतं? सतरा, एकोणीस, हे आकडे खरे होते. पण रागाने मी याच्या नावावर दोन चेंडू जास्त घातले होते आणि प्रेमाने दोन गिळले होते. पाचव्या सामन्यात काय करेन, याची मलाच खात्री देता येत नव्हती. मुलं पेपरात काठावर नापास झाली तर मी त्यांना अर्धा मार्क देत नाही. मग स्वतःला कसा देऊ?

रविवारी चारला सामना. साडेतीनला तो टेबलापाशी आला.

"आज वाचताना गोड नका वाचू. जे हाय ते वाचा."

"मी आज वाचणार नाहीये."

त्याचा चेहरा उतरला. "का बरं?"

मी उत्तर द्यायच्या आत कोचने हाक मारली. तो माझ्याकडे बघत बघतच मागे सरकला आणि रांगेत जाऊन सरावाचे शॉट मारायला लागला. त्याला वाटलं असणार, हीसुद्धा उलटली.

पुंजारामकाका कागद घेऊन आले. मी लाल पेन, निळं पेन आणि वही त्यांच्या हातात दिली.

"काका, आज मला टेबलावर बसता येणार नाही. बाबांना बोलावलंय, ते लिहितील."

"का गं? ताप आहे का?"

"नाही. नियम आहे."

"कोणता नियम?"

"घरचा गडी."

काकांनी मैदानाकडे बघितलं. बाराही खेळाडू नजरेखालून घातले. "तुझ्या घरचं कोण खेळतंय?"

चार वर्षं कोर्टावर मोठ्याने आकडे सांगायची सवय, तोंडातून निघालं ते खणखणीत निघालं.

"चौदा नंबर."

पहिल्या पायरीवर लंकाबाई होत्या. म्हणजे एका मिनिटात सगळ्या पायऱ्यांना कळलं. मैदानात चौदा नंबरने मारलेला सोपा शॉट रिंगला न लागताच पलीकडे गेला. साईने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. टेबलाजवळ बाबा येऊन उभे होते, त्यांनीही ऐकलं होतं. ते खुर्चीत बसले, लाल पेनाचं टोपण काढलं.

मी पायऱ्यांवर जाऊन बसले. मोकळे हात कुठे ठेवायचे तेच कळेना. लंकाबाईंनी सरकून जागा दिली.

"आता तरी सांग, उभा राहून ह्यो करतो काय?"

"मी सांगणार नाही, लंकाबाई. तुम्हीच बघा."

चांदवडचा संघ तगडा होता. दोन क्वार्टर लंकाबाई चेंडूच बघत होत्या. तिसऱ्यात मात्र त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगं… ह्यो वाट अडवतोय! त्या साईच्या मागं लागलेल्याला ह्यो आडवा जातोय बघ!" पुढच्या वेळी त्या उभ्याच राहिल्या. "परत! परत अडवलं!" मग खाली बसल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "माझा मालक गाड्यापुढं असाच उभा राहायचा. गुरं यायची ना भाजीत तोंड घालाया. इकणारी मी, सगळे मला वळखायचे, त्याला कोण इचारत होतं? गेल्यावर कळलं, दिसभर काय करीत होता ते."

आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटाला चेंडू चौदा नंबरच्याच हातून गेला. मी डोळे मिटून घेतले.

पुंजारामकाका पुढे आले. "आज वाचन नाही. ज्याने त्याने आपापलं बघितलंय. चौदा नंबर राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

पहिला हात लंकाबाईंचा, बांगड्यांसकट. मग मागून एक, डावीकडून तीन. मग बराच वेळ कुणीच नाही. हरलेल्या सामन्यानंतर कुणाचे हात पटकन वर होत नाहीत. काका मोजत होते. मग शेवटच्या पायरीवर, जिथून 'चिकटपट्टी' ही हाक आली होती, ती सगळी रांग हात वर करून उभी राहिली. बावन्न सभासदांत एकतीस हात. माझा हात मी दुसऱ्या हाताने मांडीवर धरून ठेवला होता.

तो राहिला.

पायऱ्या रिकाम्या झाल्या तेव्हा तो वर आला. माझ्या खालच्या पायरीवर बसला, तरी त्याचं डोकं माझ्या बरोबरीनेच आलं.

"मॅडम, तुम्ही हात वर नाय केला."

"करता येत नव्हता."

"दिसलं मला." तो बुटाच्या नाडीशी चाळा करत होता. "काकांना जे बोलला… ते नियमापुरतं का?"

"नियमापुरतं कुणी आपलं लाडकं टेबल सोडतं का? तू मला आवडतोस, स्वराज. तू खेळतोयस तोवर मला आता तिथे बसता येणार नाही आणि त्याचं मला वाईट वाटतंय. फार वाटतंय. तरी तू राहिलास म्हणून मी खूश आहे."

त्याचे कान लाल झाले.

"यष्टीत," तो म्हणाला, "चेंडू मी फक्त पहिल्याच दिवशी मोजले. मंग नुसतं तुमचं लिहिलेलं वाचत बसायचो. तेच तेच. शिव्यासुद्धा… तुमच्या होत्या म्हणून."

"तुमच्या नाही. तुझ्या."

"तुझ्या," त्याने म्हणून बघितलं आणि पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"स्नेहा!" खालून बाबांची हाक आली. ते अजून टेबलावरच होते. "जरा ही वही बघून दे. बेरीज बरोबर आहे का ते."

"नाही, बाबा. मी बघणार नाही."

"बरं." त्यांची नजर स्वराजकडे वळली. "मग तू ये रे खाली."

स्वराज उठला आणि तीन-तीन पायऱ्या टाकत खाली गेला. मीही मागोमाग गेले. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"चेंडू किती घालवलेस आज?"

"पाच, काका."

"माझ्याकडे चार आहेत."

"पाच गेले. शेवटचा तुम्ही लिहिला नाय. त्याच्यानंच हरलो आपण."

बाबांनी वहीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. त्यांनी चार खोडून पाच केले. पेनाला टोपण लावलं, खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि पलीकडे चेंडू गोळा करत असलेल्या पुंजारामकाकांना हाक मारली.

"पुंजाराम, पुढच्या रविवारी टेबलाला दुसरं कुणीतरी बघ. मलाही बसता येणार नाही."